हाताला गुण असलेल्या डॉक्टरसाहेबांना

माननीय डॉक्टरसाहेब,

तुमच्या हाताला गुण आहे, असं आमच्या पेठेत लहानथोर सगळेच सांगतात. संध्याकाळी सातनंतर तुमच्या दवाखान्याबाहेर चपलांचा ढीग पाहिला की ते पटतंही. मूल आईच्या मांडीवर बसतं न बसतं तोच तुमचं निदान तयार असतं : “व्हायरल आहे. घसा जरा लाल दिसतोय. कव्हर म्हणून एक अँटिबायोटिक देऊन ठेवतो.” आधी व्हायरल म्हणायचं आणि त्याच दमात अँटिबायोटिक लिहायचं! विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही, हे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात असतं आणि तुम्ही तर त्यापुढे कितीतरी वर्षं शिकलात. तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं, अशी सवलत मी तुम्हाला देऊ शकत नाही. म्हणूनच हे पत्र सगळ्यांदेखत लिहिते आहे.

हा गुण येतो कसा, ते आधी बोलू. लहान मुलाची सर्दी पहिले दोन-तीन दिवस चढत जाते. नाक चोंदतं, ताप येतो, मूल रात्रभर किरकिरतं. आईबाप दोन रात्री काढतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी तुमच्या दारात येतात. त्यानंतर एक-दोन दिवसांत सर्दी आपसूक उतरणीला लागणारच असते. तुमची बाटली नेमकी त्याच वेळी पोटात जाते आणि श्रेय घेऊन मोकळी होते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते ती अशी. पाच वर्षांखालच्या निरोगी मुलालाही वर्षात सहा-आठ वेळा सर्दी होऊ शकते, नाकातून हिरवट-पिवळं आलं म्हणून ती जिवाणूंची ठरत नाही, खोकला तर दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. हे तुम्ही आईला एकदा नीट सांगितलं असतं तर ती ऐकून घरी गेली असती. पण समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात आणि बाटलीचं नाव लिहायला पाच सेकंद.

ज्या मुलासाठी हे लिहिते आहे तो माझा भाचा. जन्म २०११ चा. त्याच्या पहिल्या तीन वर्षांची फाईल माझ्या भावानं जपून ठेवली आहे, कारण त्याचा तुमच्यावर विश्वास होता. मध्यंतरी ती फाईल टेबलावर पसरून मी शेवटपर्यंत वाचली. वर तारीख, नाव, वजन आणि खाली औषधं. निदानाच्या जागी बहुतेक चिठ्ठ्यांवर काहीच नाही. आधी अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडची पावडरची बाटली, पुढच्या महिन्यात सेफिक्झिम, मग अझिथ्रोमायसिन तीन दिवस, मग पुन्हा पहिलीच बाटली. एका चिठ्ठीच्या मागे वहिनीनं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय : ‘औषध चालू केल्यापासून शी पातळ. डॉक्टरांना विचारणे.’ तिनं विचारलं असणार, कारण चारच दिवसांनंतरच्या चिठ्ठीवर तुमचं उत्तर आहे : ओफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोल एकत्र असलेलं पातळ औषध. म्हणजे एका अँटिबायोटिकनं पोट बिघडलं म्हणून त्यावर आणखी दोन. ओआरएसचा उल्लेख नाही, झिंकचा नाही. तेव्हा मूल चौदा महिन्यांचं होतं.

ती बाटली घरात कशी दिली जात होती, हे तुम्ही कधी पाहिलं नसेल. वहिनी पाणी उकळून गार करायची. बाटली तळहातावर आपटून तळाशी बसलेली पावडर मोकळी करायची, अर्धं पाणी घालून हलवायची, फेस खाली बसू द्यायची आणि मग उरलेलं पाणी बरोबर खुणेच्या रेषेपर्यंत भरायची. टोपणात अडीच मिली मोजताना टोपण डोळ्यांच्या उंचीवर धरायची. बाटली फ्रिजमध्ये, सात दिवसांनंतर उरलेलं फेकायचं, रात्रीचा डोस चुकू नये म्हणून मोबाइलला गजर. मूल तोंड घट्ट मिटायचं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं औषध हनुवटीवरून गळ्यात ओघळायचं आणि ती रडकुंडीला यायची, पण डोस पूर्ण करायची. एवढ्या निगुतीनं तिनं तुमचा शब्द पाळला. या सगळ्यात चूक शोधायची असेल तर तिच्याकडे बोट दाखवू नका.

बाराव्या वर्षी तो वाढायचा थांबला. वर्गातली मुलं उंच होत गेली आणि त्याची पँट दोन वर्षं तीच राहिली. जेवण झालं की बेंबीच्या उजवीकडे खाली दुखायचं, तोंडात सारखे फोड, हिमोग्लोबिन उतरलेलं. आधी जंताचं औषध झालं, मग ‘शाळेचं टेन्शन आहे’ असं झालं, मग पुण्याला नेल्यावर लहान आणि मोठं आतडं जुळतं तिथे जखमा दिसल्या. आपल्या देशात तिथला क्षयरोग आणि क्रोन्स डिसीज दिसायला इतके सारखे असतात की बऱ्याच मुलांना आधी टीबीची औषधं दिली जातात, तशी त्यालाही दिली. त्यांनी फरक पडला नाही तेव्हा क्रोन्सचं नाव घेतलं गेलं. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ मध्ये वर्णन केलेला हा आजार. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा त्याचा भाऊबंद. दोघांना मिळून इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, आयबीडी म्हणतात. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच आतड्यावर उठते. तो आटोक्यात ठेवता येतो, पण मुळातून जात नाही.

आटोक्यात ठेवणं म्हणजे काय, तेही ऐका. सुरुवातीचे सहा-आठ आठवडे बाकी जेवण पूर्ण बंद, फक्त डबाबंद पावडरीचं पोषक दूध. गणपतीत घरात मोदक वळले जात होते आणि तो वरच्या खोलीत दार लावून बसला होता. नंतर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या, महिन्याला रक्ततपासणी, मग सलाईनमधून चढवायचं महागडं इंजेक्शन. कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्री पोट साफ करायचं ते लिटरभर खारट पाणी. शाळेच्या सहलीला तो जात नाही, कारण रस्त्यात संडास कुठे असेल ते ठाऊक नसतं. चौदा वर्षांच्या मुलाला हे मित्रांना सांगता येत नाही. तो फक्त म्हणतो, मला यायचं नाही.

आता तुमच्या ओठांवर जे आहे ते मीच म्हणते. तुमच्या त्या बाटल्यांमुळेच त्याला क्रोन्स झाला, हे मला सिद्ध करता येणार नाही. कुठल्याही एका मुलाबाबत कुणालाच ते करता येणार नाही. या आजारात आनुवंशिकता असते, आहार असतो, शहरी राहणी असते, स्तनपान किती झालं तेही असतं आणि यातली बरीच कोडी अजून सुटायची आहेत. तुमचं सगळं फावलं आहे ते इथेच. ज्या चुकीचा परिणाम दुसऱ्या दिवशी दिसतो तिच्यासाठी लोक दवाखान्यावर चालून येतात. जिचा परिणाम दहा वर्षांनी, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या डॉक्टरच्या टेबलावर येतो, तिचा जाब विचारायला कोणी येत नाही. तुमच्या हाताला गुण होता तो होताच.

पण एका मुलाबद्दल जे सांगता येत नाही ते लाखो मुलांबद्दल सांगता येतं, आणि ते सांगून झालेलं आहे. माझा भाचा जन्मला त्याच वर्षी, २०११ मध्ये, ‘गट’ या पोटविकारांच्या मान्यवर नियतकालिकात डेन्मार्कचा एक अभ्यास छापून आला. तिथे प्रत्येक मुलाला कुठलं औषध कधी मिळालं याची सरकारी नोंद असते. १९९५ ते २००३ या काळात जन्मलेल्या ५,७७,६२७ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. अँटिबायोटिक मिळालेल्या मुलांत आयबीडीचं प्रमाण न मिळालेल्यांच्या १.८४ पट निघालं. नुसत्या क्रोन्सचं पाहिलं तर तिपटीहून जास्त, आणि प्रत्येक वाढत्या कोर्समागे धोका १८ टक्क्यांनी चढत गेलेला. त्याच्या आदल्याच वर्षी कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतातून आलेला अभ्यास लहान होता, पण बोलका होता : आयबीडी झालेल्या मुलांपैकी ५८ टक्के मुलांना पहिल्या वर्षभरात अँटिबायोटिक मिळालं होतं, न झालेल्यांत हेच प्रमाण ३९ टक्के.

२०१२ चा ब्रिटनचा अभ्यास तुम्ही बसून वाचावा अशी माझी फार इच्छा आहे. १० लाखांहून जास्त मुलं आणि प्रश्न नेमका : ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंना मारणारी अँटिबायोटिकं दिली तर काय होतं? पहिला वाढदिवस व्हायच्या आत ती मिळालेल्या मुलांत आयबीडीचा धोका साडेपाच पट निघाला. पाच वर्षांच्या आत मिळाली तर अडीच पटीहून थोडा जास्त, पंधरा वर्षांच्या आत मिळाली तर दीडपटीच्या आसपास. मूल जितकं लहान तितका घाव खोल. आणि ही औषधं कोणती? त्या यादीत अमॉक्सिसिलिन आहे, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड आहे, मेट्रोनिडाझोल आहे. फाईल उघडून पाहा, डॉक्टरसाहेब. ती तुमची आवडती यादी आहे.

ऑक्सिजनशिवाय जगणारे हे जिवाणू एवढे महत्त्वाचे का, हे तुम्हाला शिकवण्याइतकी मी शहाणी नाही, पण हे पत्र आईबापही वाचणार आहेत. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या आतड्यात वस्ती जवळजवळ नसतेच. जन्मताना आईकडून, मग दुधातून, अंगाखांद्यावरून जिवाणू येतात. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की बाळाला त्या पचतच नाहीत. त्या बिफिडोबॅक्टेरियासारख्या जिवाणूंसाठी असतात. तीनेक वर्षांत ही वस्ती मोठ्या माणसासारखी भरून येते, आणि त्याच काळात शरीराची प्रतिकारशक्ती आपला कोण, परका कोण हे ओळखायला शिकते. मोठ्या आतड्यातले काही जिवाणू चोथ्यातून ब्युटिरेट नावाचा पदार्थ करतात. आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर पोसल्या जातात आणि प्रतिकारशक्तीही त्यानं शांत राहते. क्रोन्सच्या रुग्णांच्या आतड्यात नेमके हेच जिवाणू कमी सापडतात. अँटिबायोटिक घशातल्या जंतूंसाठी दिलं तरी ते पोटातून जातं, आणि सुक्याबरोबर ओलंही जळतं.

जळलेलं पुन्हा उगवतं, असं तुम्ही म्हणाल. मोठ्या माणसात बऱ्याच अंशी उगवतंही. पण फिनलंडमध्ये २ ते ७ वर्षांच्या १४२ मुलांची वस्ती तपासली तेव्हा मॅक्रोलाइड गटातल्या औषधांनी झालेला बदल दीर्घकाळ टिकलेला दिसला, बिफिडोबॅक्टेरिया घटलेले दिसले. तुमचं तीन दिवसांचं लाडकं अझिथ्रोमायसिन याच गटातलं. आणि अमेरिकेत मार्टिन ब्लेझर यांच्या गटानं उंदरांवर केलेला प्रयोग तर काळजात धस्स करणारा आहे. आतडं सुजण्याची जन्मजात प्रवृत्ती असलेल्या उंदीरमाद्यांना अँटिबायोटिकनं बिघडलेली जिवाणूंची वस्ती दिली. त्यांच्या पिलांना औषधाचा एक थेंबही मिळाला नव्हता, तरी बिघडलेली वस्ती त्यांच्यात उतरली आणि त्यांची आतडी जास्त सुजली.

या सगळ्याच्या उलट बाजूचंही मी वाचलं आहे. ज्या मुलांची प्रतिकारशक्ती मुळातच वेगळी असते ती जास्त आजारी पडतात, म्हणून त्यांना अँटिबायोटिक जास्त मिळतं आणि पुढे आयबीडीही त्यांनाच होतो, असंही असू शकतं. आजाराची पहिली चाहूल आणि औषध यांत मागचं-पुढचं ठरवणं अवघड जातं. स्वीडनमध्ये २००६ ते २०१३ मध्ये जन्मलेल्या ८ लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला, त्यात बाळपणीच्या अँटिबायोटिकशी असा ठोस संबंध मिळाला नाही. मात्र आईनं गरोदरपणी घेतलेल्या अँटिबायोटिकशी मिळाला, जवळजवळ दुप्पट धोक्याचा. आणि एकूण आकडे लहान आहेत. ब्रिटनच्या त्या अभ्यासात ती औषधं न मिळालेल्या १० हजार मुलांमागे वर्षाला ०.८३ जणांना आयबीडी व्हायचा, ती औषधं मिळालेल्यांत १.५२ जणांना. कुठल्याही आईनं हे वाचून मुलाला एकदा दिलेल्या कोर्सची धास्ती घेऊ नये, गरज असताना दिलेल्या औषधाची तर मुळीच नाही.

मात्र हा लहान आकडा तुमच्या बचावाला येत नाही. औषधानं फायदा होणार असेल तर लहानसा धोका पत्करायचा, हे कोणालाही पटेल. साध्या सर्दीत अँटिबायोटिकचा फायदा शून्य आहे. शून्य फायद्यासाठी कितीही लहान धोका दुसऱ्याच्या मुलावर टाकण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त मुलं जन्मतात. एवढ्या मुलांना वर्षातून चार-पाच वेळा विनाकारण बाटली पाजली तर लहान आकडा लहान राहत नाही. लुधियानात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे ४४ जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला, तेव्हा आयबीडी हा गोऱ्यांचा आजार ही समजूत मोडली होती. त्यालाही आता वीस वर्षं उलटली.

अँटिबायोटिकशी माझं वैर नाही. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती या देशातली पोरं जंतुसंसर्गानं मरू नयेत म्हणून, आणि त्या औषधांनी असंख्य पोरं वाचलीही. पण त्याच महाराष्ट्रात गडचिरोलीत काय झालं, ते आठवा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस न्यूमोनियानं मरणाऱ्या मुलांसाठी गावोगावच्या दाया आणि आरोग्यसेवक तयार केले. त्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं, पन्नासपर्यंत मोजता येत नव्हतं. म्हणून त्यांच्यासाठी श्वास मोजायचं साधन बनवलं : एक मिनिटाची वाळूची घटी आणि सरकवायचे मणी. वाळू खाली पडेपर्यंत बाळाचे श्वास बघायचे, ठरावीक श्वास झाले की मणी सरकवायचा. मणी संपायच्या आत वाळू संपली तर अँटिबायोटिक नाही. वाळू उरली आणि मणी संपले तर न्यूमोनिया, लगेच औषध. १९९० मध्ये हा अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. न्यूमोनियानं होणारे बालमृत्यू त्या गावांत मोठ्या प्रमाणात घटले होते.

डॉक्टरसाहेब, अक्षरओळख नसलेल्या बाईनं झोपडीतल्या अंधुक उजेडात पूर्ण एक मिनिट बाळाची छाती पाहिली आणि मग ठरवलं. तुमच्या भिंतीवर पदव्यांच्या चौकटी आहेत, डोक्यावर ट्यूबलाइट आहे, मनगटावर घड्याळ आहे. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाला मिनिटाला ५० किंवा जास्त श्वास, एक ते पाच वर्षांच्या मुलाला ४० किंवा जास्त, ही खूण तुम्हाला पाठ असणार. माझ्या भाच्याच्या फाईलमध्ये श्वासांचा आकडा एकाही चिठ्ठीवर नाही. प्रत्येक चिठ्ठीवर वजन आहे. वजन लागतं ते डोस काढायला.

तुमची नेहमीची उत्तरं मला ठाऊक आहेत. “पालकच मागतात.” पालक काय मागतात? पोर रात्री झोपावं, हे मागतात. न्यूमोनिया तर नाही ना, हे विचारायला येतात. भाषा औषधांची नसते त्यांच्याकडे, म्हणून ‘काहीतरी स्ट्राँग द्या’ म्हणतात. तिथे तुम्ही त्यांना घाबरवायचं की धीर द्यायचा, हे तुमच्या हातात असतं. “मी नाही दिलं तर समोरचा देईल.” देईलही. समोरचा काय करतो यावर तुमची चिठ्ठी ठरत असेल तर तुमचं शिक्षण कशासाठी? “मेडिकलवाले तर चिठ्ठीशिवायही देतात.” खरं आहे, आणि ते गुन्हेगार आहेतच. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिनं मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वन या औषधांच्या सरकारी यादीत आली, डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वहीत लिहून ती वही तीन वर्षं ठेवणं दुकानदाराला सक्तीचं झालं, तरी गल्लीबोळात काय चालतं ते सगळ्यांना दिसतं. पण दुकानदाराला त्या बाटलीचं नाव शिकवलं कोणी? आमच्या पेठेत लोक तुमची जुनी चिठ्ठी घेऊनच काउंटरवर जातात : “गेल्या वेळी हेच दिलं होतं डॉक्टरांनी.” तुमच्या एका चिठ्ठीतून पुढचे चार कोर्स परस्पर निघतात, शेजारच्या मुलालाही.

आता मागणी सांगते, कारण नुसतं बोलून मला थांबायचं नाही. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं डॉक्टरांना पत्र लिहून सांगितलं की अँटिबायोटिक लिहाल तेव्हा ते कशासाठी देता आहात ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहा. तेवढं करा. ‘न्यूमोनिया’, ‘टायफॉइड’, ‘मूत्रमार्गाचा संसर्ग’, ‘कानात पू’, जे असेल ते वाचता येईल अशा अक्षरात. लिहिण्यासारखं कारण सापडलं नाही, तर औषधही लिहू नका. खोकला आणि ताप घेऊन आलेल्या मुलाचे श्वास मोजा आणि आकडा लिहा. साध्या जुलाबाला ओआरएस आणि झिंक द्या, रक्त पडत असेल तर गोष्ट वेगळी. आणि ज्या मुलाला आज औषधाची गरज नाही त्याच्या आईला सांगा की दोन दिवस वाट पाहा, श्वास जोरात चालला, छाती आत ओढली जाऊ लागली, मूल दूध सोडू लागलं, गळून गेलं तर रात्री-अपरात्रीही या. त्या दोन दिवसांत तिनं फोन केला तर तो उचला. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या तान्ह्याला ताप असेल तर वाट पाहायची नसते, हेही तिला तुम्हीच सांगायचं आहे. गरोदर बाईला साध्या सर्दीवर अँटिबायोटिक देताना तर दहादा विचार करा.

यानं तुमची गर्दी कमी होईल का? कदाचित थोडी होईल. पाचव्या दिवशी उतरणारी सर्दी पाचव्याच दिवशी उतरेल आणि त्याचं श्रेय तुम्हाला मिळणार नाही. माझ्या भाच्याला दर काही आठवड्यांनी हातात सुई टोचून घेऊन दिवसभर हॉस्पिटलच्या खुर्चीत बसावं लागतं. त्यापुढे तुमच्या गर्दीचं काय होईल याची मला काडीचीही काळजी वाटत नाही.

या पत्रात तुमचं नाव नाही, आणि हे वाचून पेठेतल्या दोन-तीन डॉक्टरांना हे आपल्यालाच लिहिलंय असं वाटलं तर ते बरोबरच वाटेल. येत्या सोमवारी संध्याकाळी आम्ही काही पालक दवाखान्यात येणार आहोत. सोबत मुलांच्या फाईली आणू. प्रत्येक अँटिबायोटिकच्या पुढे रिकामी राहिलेली निदानाची जागा तुम्ही आमच्या समोर, आठवेल तशी, भरून द्यायची आहे. नंबर लावूनच येऊ.

तुमच्या एका जुन्या पेशंटची आत्या